तंबाखू मळून होईपर्यंत

आमचं घर तुरुंगात होतं, असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, तुमच्या वडिलांनी काय केलं होतं? माझ्या वडिलांनी काही केलं नव्हतं हो. ते त्या तुरुंगाचे रखवालदार होते, आणि त्या तुरुंगात माझ्या जन्माच्या आधीपासूनच एकही कैदी उरला नव्हता. गोऱ्या सरकारनं आपल्याच पलटणीतल्या शिपायांसाठी तो बांधला होता. पळून गेलेला, पहाऱ्यावर झोपलेला, दारूच्या तारेत साहेबावर हात उगारलेला, असला शिपाई तिथं आणून डांबायचे. सरकार गेलं, पलटण गेली, काळ्या दगडाची भिंत तेवढी राहिली. पुढं कुणा साहेबाच्या डोक्यात आलं आणि त्याचं संग्रहालय झालं. सोलापुरात सात रस्त्यावर टांगेवाल्याला ‘पलटणीचा तुरुंग’ म्हटलं की तो बरोबर आमच्या दारात आणून सोडायचा.

पूर्वी पहारेकरी राहायचे त्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. अप्पा, अव्वा म्हणजे माझी आई, आणि मी. खोल्यांना खिडक्या होत्या, पण त्या रस्त्याच्या बाजूला नव्हत्या, आतल्या अंगणाकडं उघडत होत्या. पहारेकऱ्यानं कैद्यांकडं बघायचं, रस्त्याकडं नव्हे, हा त्यामागचा हिशेब. गजही होतेच. त्यामुळं माझ्या लहानपणी मी खिडकीतून काय बघितलं असेल, तर समोरची कोठड्यांची रांग आणि तिच्या छपरावर घुमणारे पारवे. बाहेरचं जग आम्हाला ऐकू यायचं. पहाटे गिरणीचा भोंगा, मग सायकलींच्या घंट्या, मग दुपारभर कुठल्या तरी गल्लीतल्या मागांची खडखड. दिसायचं मात्र काही नाही. संध्याकाळी अप्पा मोठ्या दरवाजाला आतून कुलूप घालायचे, ते सकाळपर्यंत. आम्हाला कोंडून घ्यायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण सरकारी नियम म्हणजे नियम. मैत्रिणीच्या बहिणीच्या हळदीला जायचं म्हटलं तरी त्यांचं ठरलेलं उत्तर, “दरवाजा झाला की झाला.” शाळेत पोरी मला ‘कैदीण’ म्हणायच्या. मी वरवर हसायची आणि घरी येऊन अव्वावर चिडायची. खरं सांगते, मला तिथं गुदमरायचं.

अव्वाला तसं काही वाटत नसावं. तिनं अख्खा तुरुंग संसाराला लावला होता. शिपायांना जिथं कवायत करायला लावायचे त्या फरशीवर, ऊन तापलं की, तिच्या पातळ भाकऱ्या कडक व्हायला पसरलेल्या असायच्या. फटके मारायच्या तिकाटीवर एकदा तिनं अप्पांचं धोतर वाळत घातलं होतं, त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता. अंगणाच्या कोपऱ्यात तोफेचे लोखंडी गोळे रचून ठेवलेले होते. शिक्षा म्हणून शिपायांना ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वाहायला लावायचे आणि परत आणायला लावायचे, बस, एवढंच काम. त्यातला एक गोळा अव्वाच्या लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून कायमचा बसलेला असायचा. वरच्या ऑफिसातून कुणी तपासणीला येणार अशी कुणकुण लागली की अप्पा तो गोळा पोटाशी धरून, तेलाचे हात धोतराला पुसत, अंगणात पळायचे. “सरकारी गोळा हाय गं त्यो!” असं ते ओरडायचे आणि अव्वा म्हणायची, “सरकारला लोनचं घालत्यात का न्हाई?”

अप्पांचा खरा रंग दिसायचा तो लोक बघायला आले की. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, अंगात सरकारी खाकी कोट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. लोक हमखास विचारायचे, इथं कोण कोण पुढारी होते? अप्पांना त्या प्रश्नाचा भयंकर राग. “पुढारी न्हाई, शिपाई व्हते. शिपायाला काय दुख न्हाई व्हय?” मग बेड्या, बिगुल, काचेच्या कपाटातला मिशाळ गोरा पुतळा असं सगळं दाखवून ते शेवटी अंधारकोठडीशी यायचे. तिला एकामागं एक अशी दोन दारं. लोकांना आत उभं करायचे, म्हणायचे, “जरा आनुभव घ्या,” आणि दोन्ही दारं लावून बाहेरून कडी घालायचे. मग निवांत तळहातावर तंबाखू घेऊन, चुना लावून मळायला लागायचे. मळून झाली, चिमूट ओठाखाली गेली, की कडी काढायची. त्यांचं तेच घड्याळ. आत गेलेले लोक हसत जायचे आणि बाहेर येताना कुणीच हसत नसायचं. आतून कितीही ओरडलं तरी बाहेर चिमणीच्या चिवचिवीएवढाही आवाज यायचा नाही.

आता त्या कोठडीत म्हणे बल्ब लावलाय. कशाला लावलाय, कोण जाणे. अंधारकोठडीत उजेड पाडून लोकांना काय दाखवायचं?

मी मॅट्रिक झाले ते बऱ्यापैकी गुणांनी. शाळेतल्या बाईंच्या सांगण्यावरून डी.एड.ला अर्ज केला आणि जागाही मिळाली. कॉलेज गावातच. मला मास्तरीण व्हायचं होतं, यात उदात्त असं काही नव्हतं. आमच्या बाई रोज सकाळी छत्री घेऊन, एकट्या, कुणालाही न विचारता घराबाहेर पडतात हे मी बघत होते, आणि मला ते हवं होतं. अप्पा नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. कॉलेज सुरू व्हायला थोडे दिवस उरले असताना ते ऑफिसातून आले आणि सायकल भिंतीला टेकवता टेकवता म्हणाले, “मंद्रूपची सोयरीक आलीया. मळा हाय, हीर हाय, पोरगा एकुलता न्हाई पन लई शांत हाय. रविवारी बघायला येत्यात.” मी विचारलं, “आणि कॉलेज?” ते म्हणाले, “आदी हे तर हू दे. मग सासरच्यांनी शिकवलं तर शीक की.” त्या रात्री मी जेवले नाही. अव्वानं ताट झाकून ठेवलं. तिच्याही हातात काय होतं?

रविवारी तिघं आले. मुलाचे वडील, त्यांना सगळे मालक म्हणायचे, पांढरा फेटा आणि खणखणीत आवाज. मुलगा, जो खरोखरच शांत होता, इतका की त्याचा आवाज मी आजतागायत ऐकलेला नाही. आणि मुलाची आई, डोक्यावरचा पदर कपाळाच्याही पुढं ओढलेली, एक उंच, वाळकी बाई. शेंगापोळी झाली, तूप झालं, मला समोर बसवून नाव विचारून झालं. मी म्हटलं, “शिवगंगा.” मालक म्हणाले, “सैपाक येतो?” अव्वाच म्हणाली, “येतो की.” माझा संबंध तेवढाच. मग चहाला आधण ठेवेपर्यंत काय करायचं म्हणून अप्पांनी आपलं नेहमीचं सुरू केलं. सोयऱ्यांना त्यांनी तुरुंग दाखवायला काढला. पुरुष पुढं, आणि अव्वानं मला डोळ्यांनी खुणावलं की बाईंना तू दाखव. मुलगा त्या मिशाळ गोऱ्याच्या काचेपुढं जो थांबला तो तिथंच राहिला. मला त्याचा चेहरा आता आठवत नाही, त्या गोऱ्याचा स्वच्छ आठवतो.

बाई कोठडीमागून कोठडी बघत होत्या. प्रत्येक कडी हातानं चाचपून बघत होत्या. अंधारकोठडीशी आल्यावर त्या स्वतःच आत शिरल्या. मीही मागोमाग गेले. आत भिंतीवर कुणी तरी खिळ्यानं ओढलेल्या रेघा आहेत, त्या दाखवाव्यात म्हणून.

आणि इथं अप्पांची सवय आडवी आली. संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली होती. मालकांना चहाला बसवून ते उठले आणि रोजच्यासारखे दारं लावायला निघाले. त्यांची पद्धत अशी, की रांगेच्या टोकाला उभं राहून एकदा ओरडायचं, “कोन हाय का आत?” आणि उत्तराची वाट न बघता कड्या घालत सुटायचं. इतक्या वर्षांत आतून कधी कुणी ‘ओ’ दिलेली नव्हती. मला त्यांचा आवाज ऐकू आला. मी ‘अप्पा’ म्हणायला तोंड उघडलं, तोच माझ्या तोंडावर एक खरखरीत हात आला.

“सुम्म इर,” बाई कानडीत म्हणाल्या. गप राहा. त्यांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं होतं. आतलं दार लागलं. बाहेरचं लागलं. कडी पडल्याचं ऐकू आलं नाही, दगडात जाणवलं.

मी त्या कोठडीला लहानपणापासून ओळखत होते, तिथं लपंडाव खेळले होते, पण दार लावलेलं असताना मी कधी आत नव्हते. अंधार म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. स्वतःचा हात डोळ्यांपुढं धरला तरी दिसेना. मला रडू फुटलं. मी दार बडवायला लागले. बाईंनी मला ओढून खाली बसवलं.

“उघडतील. चा निवला की हुडकतील. बस जरा. मला तुज्याशी बोलायचं हाय, आन मला बाहीर बोलता येत न्हाई.”

“काय बोलायचंय?” मी हुंदके देत म्हटलं.

“हितली हाक बाहीर जात न्हाई?”

“नाही.”

“आन बाहीरची आत?”

“दारं लावल्यावर तीही नाही.”

बाई भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, “लगीन हून आल्यापास्नं असं कवा झालं न्हाई बग. घरात सारखी हाक. ‘ए’ म्हंत्यात मला. माजं नाव नीलव्वा हाय, ते कुनाच्या ध्यानात सुदिक नसंल.”

मग त्या बोलत राहिल्या. घाईनं नाही, तक्रारीच्या सुरातही नाही. मालक मारत नाहीत, खायला-ल्यायला भरपूर आहे, दूध तर सांडतं. फक्त बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही. मंद्रूपचा आठवडी बाजार त्यांच्या दारापुढंच भरतो, आणि त्यांनी तो कधी बघितला नव्हता. “आवाजावरनं वळकते मी. मिरच्या इकनारी कोन, बांगड्यांचा कोन. ती मिरचीवाली म्हातारी झाली आता, आवाज कापतो तिचा. तोंड कसं हाय ते ठावं न्हाई.” दोन सुना आधीच होत्या. “थोरली आली तवा लई हसायची. आता म्या इनोद केला तर माज्याकडं बगती नुसती.” आज त्या बाहेर पडल्या होत्या त्या मुलगी बघायला बाई माणूस लागतं म्हणून.

“तुला यायचंय का आमच्या घरात? खरं सांग. हितं कोन ऐकत न्हाई.”

मला आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “नाही. मला डी.एड. करायचंय. जागा मिळालीय. अप्पा सोडत नाहीत.”

“ते केलं की काय हुतंय?”

“शाळेत नोकरी. रोज सकाळी बाहेर जायचं.”

“एकटीनं?”

“एकटीनं.”

त्यांनी माझं मनगट अजून सोडलेलं नव्हतं. “मी नको म्हनलं तर तुजा बा दुसरं घर बगंल,” त्या स्वतःशीच म्हणाल्यासारख्या म्हणाल्या. “नको म्हनून उपेग न्हाई.” मग त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, अंधारात अंदाजानं, निम्मं नाकच पुसलं, आणि म्हणाल्या, “आता मी काय बी बोलले तर मान खाली घालून हुबी ऱ्हा.”

दारं उघडली तेव्हा उजेड डोळ्यांत सुईसारखा घुसला. अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता, विभूती आणि कातडी यांत फरक कळू नये इतका. त्यांचे हात जोडलेले होते आणि ओठ नुसतेच हलत होते. मागं मालक गरजत होते, “सोयऱ्याच्या बायकूला कोंडतोस व्हय रं? ही काय रीत झाली?” अव्वा तांब्या-भांडं घेऊन पळत आली. बाई पायरीवर टेकल्या, पदर पुन्हा कपाळाच्या पुढं ओढला आणि पाणी हातानं बाजूला सारलं.

“मी पानी घेनार न्हाई.”

अप्पा जवळजवळ त्यांच्या पायांशी बसले. “ताई, चुकलं. सवय वो, दुसरं काय न्हाई. तुमी सांगाल ते करतो, पन पानी घ्या.”

“सांगंल ते?”

“शप्पत सांगतो. शिवाची आन.”

“मग पोरीला ते मास्तरनीचं शिकवा. पुरं शिकवा. आमाला ही पोरगी पसंत हाय, पन मास्तरीन झालेली पायजे. मंग कुकू लावू.”

छपरावरचे पारवेसुद्धा त्या वेळी गप्प होते असं मला वाटतं, पण हे माझं मन नंतर रचत असेल. मालक बायकोकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत ती चारचौघांत पहिल्यांदा बोलली होती, आणि परक्याच्या दारात तिला गप्प कसं करावं ते त्यांना सुचेना. मी मान खाली घालून उभी होते. मला दिसत होते ते फक्त त्यांचे पुणेरी जोडे, एकदा पुढं आले, एकदा मागं गेले.

“मास्तरनीला सरकारी पगार असतो की वो,” बाई पदराआडून हळूच म्हणाल्या.

जोडे थांबले. मालक खाकरले. “व्हय, व्हय,” ते म्हणाले, “म्या पन त्येच म्हननार हुतो.”

मग बाईंनी पाणी घेतलं. भांडं परत देताना त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

मी कॉलेजला जायला लागले. अप्पांनी पुन्हा त्याविषयी अवाक्षर काढलं नाही. शिवाची आण घेतली होती, आणि शिवाय सोयऱ्यांनीच मागितलेलं शिक्षण. सकाळी मोठ्या दरवाजाच्या पोटातला लहान दरवाजा उघडून मी बाहेर पडायची, तेव्हा रस्त्यावरची गर्दी, धूळ, गिरणीतून सुटलेली माणसं, सगळं मला इतकं आवडायचं की मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायची. मंद्रूपच्या घरात माणसाची नड होती, तिथं सून यायला दोन वर्षं कोण थांबणार? त्याच सुगीच्या आधी त्या शांत मुलाचं लग्न अक्कलकोटकडच्या एका मुलीशी झालं. अप्पांना वाईट वाटलं. बाईंना हे पहिल्यापासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. मला सुटल्याचा आनंद झाला, खूप झाला, आणि अक्कलकोटच्या त्या मुलीचं नाव काय असेल असंही दिवसभर मनात येत राहिलं. पुढं मी नोकरी केली, लग्न केलं ते माझ्याच शाळेतल्या एका मास्तरांशी, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. आजही मी दाराला आतून कडी लावत नाही. सून ओरडते, चोर येतील म्हणते. येऊ देत.

पण मला सांगायचंय ते कॉलेजच्या पहिल्या हिवाळ्याचं. सिद्धेश्वराची यात्रा होती, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, पाळणे लागले होते, अवघा जिल्हा सोलापुरात लोटला होता. अप्पा काही कामानं ऑफिसात गेले होते आणि किल्ल्या माझ्याकडं होत्या. भर दुपारी लहान दरवाजातून एक उंच बाई वाकून आत आली. पदर कपाळाच्या पुढं. मी ओळखलं आणि पळत गेले.

“एकट्याच?”

“मानसं बैलाच्या बाजारात हायती. बांगड्या भरून येते म्हनून सांगितलंय.” मनगटांत नव्या बांगड्या नव्हत्या. “झालीस का मास्तरीन?”

“अजून एक वर्ष.”

“बरं,” त्या म्हणाल्या. मी पाणी आणलं, ते त्यांनी लगेच घेतलं. “आली आमच्यात सून. लई ल्हान हाय. रातीला आईचं नाव घेऊन बरळती.” मग त्या उठल्या. “माज्यापाशी येळ न्हाई. ती कोटडी दाव.”

मी त्यांना घेऊन गेले. त्या आत जाऊन भिंतीला टेकून खाली बसल्या, पाय लांब केले, डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला. त्यांचे केस मी पहिल्यांदाच बघितले. पांढरे होते.

“दार लाव,” त्या म्हणाल्या. “दोन्ही लाव.”

मी आतलं दार लावलं, बाहेरचं लावलं, कडी घातली आणि तिथंच उभी राहिले. माझ्याजवळ तंबाखू नव्हती. मी रिकाम्या तळहातावर अंगठा फिरवत राहिले, अप्पा मळायचे तसा, सावकाश, मग आणखी सावकाश. लांब गड्ड्यावरून पिपाण्यांचा आवाज येत होता. आत जीव घाबरला असेल, माणसं शोधत येतील, असं वाटून शेवटी मी कडी काढली.

त्या बसल्या होत्या तशाच बसलेल्या होत्या, डोळे मिटून. उजेड तोंडावर पडला तसं त्यांनी हळूच डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं.

“येवढ्यात उघाडलंस व्हय?” त्या म्हणाल्या.